पिस्टन जिथे थांबतो

1950च्या दशकातला जुलै. तुम्ही इन्व्हरकार्गिलला पोचता तेव्हा काळोख पडलेला आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचं हे शहर. याच्या पुढे सामुद्रधुनी, एक बेट, आणि मग अंटार्क्टिकापर्यंत नुसतं पाणी. आपल्याकडून उन्हाळ्यात क्षितिजाला टेकलेला दिसणारा त्रिशंकू इथे चांगला वर चढलेला असतो आणि जुलै हा ऐन थंडीचा महिना. बेनफिल्ड रोडवरच्या एका शेडमध्ये दिवा जळतो आहे. दाराशी येताच कानशीचा आवाज ऐकू येतो. लांब, एकाच दिशेने, मध्ये जरासं थांबून पुन्हा.

आत पन्नाशी उलटलेला एक माणूस व्हाइसवर वाकून काम करतो आहे. हा बर्ट मन्रो, जन्म 1899. 1940च्या दशकाच्या अखेरीस त्याने नोकरी सोडली, आणि तेव्हापासून हीच शेड त्याचं घर. शेडमध्ये दोन मोटारसायकली आहेत. एक इंग्लंडची व्हेलोसेट आणि दुसरी, जिच्यासाठी तुम्ही इतक्या लांब आलात ती, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये बनलेली इंडियन स्काउट. ही त्याने 1920मध्ये याच गावात कोरी विकत घेतली. 42 अंशांत मांडलेले दोन सिलिंडर, 600 सीसी, कमाल वेग ताशी 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटर. आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या चार्ल्स फ्रँकलिनने ती घडवली तेव्हा रोज कामावर जाणाऱ्या माणसाला भरवशाची गाडी मिळावी, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं. मन्रोने 1926पासून तिच्या इंजिनाला हात घातला, तो काढलाच नाही.

भिंतीकडे बघा. तिथल्या एका फळीवर फुटलेले पिस्टन, वाकलेले व्हॉल्व्ह आणि तुटलेले कनेक्टिंग रॉड मांडून ठेवले आहेत, आणि ते सगळं वेगाच्या देवाला वाहिलं असल्याचं फळीवर त्यानेच रंगवून ठेवलं आहे. त्यातला एक तुटका रॉड उचला आणि दिव्याखाली धरा. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग दिसतील. एका कडेला गुळगुळीत, मंद रंगाचा पट्टा आणि त्यात एकीमागे एक उमटलेल्या बारीक वक्र रेषा. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार, ताजा. पट्टा म्हणजे भेग कूर्मगतीने पुढे सरकत गेली तो काळ, आणि दाणेदार भाग म्हणजे शेवटचा क्षण. भेग कुठून सुरू झाली तेही त्या रेषांवरून कळतं. बहुतेक वेळा एखाद्या आडव्या ओरखड्यापासून, किंवा अंगाचा आकार एकदम बदलतो त्या कोपऱ्यातून.

आता प्रश्न असा, की याला तोडलं कशाने? मनात पहिलं उत्तर येतं ते स्फोटाचं. पेट्रोल पेटतं, पिस्टनवर दणका बसतो आणि रॉड मोडतो. पण दणका रॉडला दाबतो. चांगलं पोलाद दाब सहसा सोसतं, आणि दाबाने हार खाल्लीच तर रॉड वाकतो. तुमच्या हातातला रॉड ताणून तुटला आहे. ताण येतो तो पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि परत फिरतो तेव्हा. उच्छ्वासाच्या फेरीत वर आलेल्या पिस्टनवर कसलाही दाब नसतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो, आणि वर निघालेल्या त्या धातूला खाली ओढून आणायचं काम एकट्या रॉडवर पडतं. इंजिन जोरात फिरवायचं म्हणजे स्फोट जोराचा करायचा, असं बाहेरून वाटतं. व्हाइसशी उभ्या असलेल्या माणसाचा खरा झगडा मात्र या थांबण्याशी आहे, आणि वेगवान इंजिनाची सगळी किंमत तिथेच मोजली जाते.

किती किंमत? स्काउटचा मूळ स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरून खालपर्यंतचा पल्ला, 77.8 मिलिमीटर. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून 300 ग्रॅम धरा आणि रॉडची लांबी स्ट्रोकच्या दुप्पट धरा. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर वरच्या टोकाला रॉडला बसणारी ओढ सुमारे 147 किलोची होते. 5000 फेऱ्यांवर तीच 400 किलोच्या वर जाते आणि 6000ला 587 किलो होते. फेऱ्या दुप्पट केल्या की ओढ चौपट होते, या नियमाला सूट नाही. मिनिटाला हजारो वेळा, हाताच्या बोटाएवढ्या जाडीच्या पोलादावर हा प्रयोग चालतो. फळीवर एवढे तुकडे का साठले ते आता तुमच्या ध्यानात येतं.

यात रॉडच्या लांबीचा भाग वेगळा आहे आणि तो जरा नीट बघावा लागतो. क्रँक एकसारखा फिरतो, पण पिस्टन एकसारखा वरखाली होत नाही. सायकल चालवताना पेडल गोल फिरतं आणि गुडघा वरखाली होतो, तेव्हा पोटरी कधी सरळ, कधी तिरकी असते. रॉडचंही तसंच आहे. वरच्या टोकापासून क्रँक पाव फेरी फिरला की पिस्टन अर्ध्यावर यायला हवा, असं वाटतं. पण तोवर रॉड तिरका झालेला असतो आणि तिरकेपणामुळे त्याची उभी लांबी घटलेली असते. त्यामुळे पिस्टन अर्ध्याच्या पुढे, सुमारे 56 टक्क्यांवर पोचलेला असतो. वरचा टप्पा तो घाईने उरकतो आणि खालच्या टोकाला रेंगाळतो. वर त्याला थांबवायला लागणारं बळ साध्या हिशेबापेक्षा पाव पट जास्त आणि खाली पाव पट कमी. रॉड आखूड केला की ही विषमता वाढते, लांब केला की कमी होते.

इंजिन बांधणाऱ्यांत लांब रॉड बरा की आखूड, यावर तावातावाने वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे. या वादाला जेवढी हवा मिळते तेवढं त्याचं वजन नाही. रॉडची लांबी स्ट्रोकच्या 2 पटीवरून 1.7 पटीवर आणली, तर वरच्या टोकाची ओढ साडेतीन टक्क्यांनी वाढते. त्याच इंजिनाच्या फेऱ्या 5000च्या 6000 केल्या, तर ती 44 टक्क्यांनी वाढते. आखूड रॉडचा खरा उपद्रव दुसरीकडे आहे. 2 पट लांबीचा रॉड जास्तीत जास्त साडेचौदा अंश कलतो, 1.7 पटीचा 17 अंशांच्या पुढे जातो, आणि तेवढा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर अधिक घासतो. भिंत झिजते, उष्णता वाढते, सिलिंडर एका अंगाला अंडाकृती होत जातो. लांब रॉडलाही किंमत आहेच. तो जड असतो आणि इंजिन उंच करतो. मग टाकीखाली जागा पुरत नाही.

व्हाइसमध्ये धरलेला रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून कापला आहे. तो अॅक्सल शेतातल्या चिखलात कित्येक टनांचं यंत्र ओढण्यासाठी बनलेला, म्हणून त्याचं पोलाद दुकानात मिळणाऱ्या सळईपेक्षा कितीतरी चिवट. स्काउटमध्ये दोन सिलिंडरांचे दोन रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. एकाचं खालचं टोक दुबेळकं असतं आणि दुसऱ्याचं त्या बेचक्यात बसतं. म्हणजे दोन रॉडांचा आकार वेगळा, वजन वेगळं, आणि दुबेळक्याच्या दोन्ही बाजू अगदी समांतर हव्यात. हे मन्रो हॅकसॉ, ड्रिल आणि कानशीवर करतो आहे. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी खोबण काढून वजन उतरवायचं, पण कडा ठेवायच्या, कारण ताकद कडांत असते. दोन्ही टोकांशी कोपरा राहू द्यायचा नाही, गोलाई द्यायची. कानस आणि नंतर पॉलिशकागद दोन्ही लांबीच्या दिशेने चालवायचे. आडवा ओरखडा राहिला, की भेगेला दार मिळालं. दाराबाहेर कानावर पडलेला तो एकाच दिशेचा आवाज यासाठी होता.

मग पोलादाला पाणी द्यायचं. लालभडक तापवून विझवलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं फुटकंही. म्हणून ते पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा उतरवायचा. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या आसपास निळा. पुढे तो राखाडी होत जातो. कुठे थांबायचं ते करणाऱ्याला माहीत हवं. अशाच शेडमध्ये भेग शोधायचीही जुनी युक्ती आहे. रॉड रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटते.

600 सीसीचं हे इंजिन शेवटी 950 सीसीचं होणार आहे. स्ट्रोक 77.8च ठेवायचा म्हटलं, तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मूळच्या जवळपास 70 मिलिमीटरवरून 88च्या पुढे न्यावा लागेल. त्यामुळे जुनी इंजिनं फुगवणारे लोक सहसा स्ट्रोकलाही हात घालतात, आणि तिथे भूमिती आडवी येते. स्ट्रोक 6 मिलिमीटरने वाढवला, की पिस्टन वर 3 मिलिमीटर जास्त जातो आणि खाली 3 मिलिमीटर जास्त येतो. वर तो हेडला धडकतो, खाली त्याची किनार फ्लायव्हीलला. वरच्या धडकेवर तीन उपाय. रॉड 3 मिलिमीटर आखूड करा, पिस्टनमधलं पिनचं भोक तेवढं वर घ्या, किंवा सिलिंडरखाली तेवढ्या जाडीची चकती घाला. पहिल्याने रॉड जास्त कलतो. दुसऱ्याने रिंगांना जागा उरत नाही. तिसऱ्याने सिलिंडर वर उचलला जातो आणि व्हॉल्व्हचे दांडे नव्याने मापावे लागतात. रॉड, पिस्टन आणि सिलिंडर तिन्ही तुम्ही स्वतःच बनवत असाल, तरच यातून हवी ती वाट निवडता येते. मन्रो पिस्टन जुन्या डब्यांच्या साच्यांत ओततो आणि सिलिंडर स्वतः घडवतो. मापण्यासाठी त्याच्याकडे चाकाची एक जुनी आरी आहे.

आता इथून निघा. 1954चं बर्मिंगहॅम, ब्रेसब्रिज स्ट्रीट, नॉर्टनचा कारखाना. इथे एकट्या माणसाची शेड नाही. ड्रॉइंग ऑफिस आहे, टेस्ट बेंच आहे, जो क्रेगसारखा रेसिंगचा मुरलेला प्रमुख आहे आणि लिओ कुझमिकी नावाचा अबोल पोलिश अभियंता आहे. नॉर्टनचं 500 सीसीचं मँक्स इंजिन एका सिलिंडरचं आहे आणि इटलीच्या चार सिलिंडरांच्या जिलेरापुढे ते मागे पडू लागलं आहे. शर्यतपटू जेफ ड्यूक 1953मध्ये नॉर्टन सोडून जिलेराकडे गेला तो उगीच नाही. तिथे स्ट्रोक 60 मिलिमीटरच्या आत आहे, इथे 100.

यंदा ग्राहकांना मिळणाऱ्या मँक्समध्ये बोअर 79.6चा 86 झाला आणि स्ट्रोक 100चा 85.6. क्षमता तीच, पण थांबण्याचा हिशेब करून बघा. जुन्या इंजिनात 6500 फेऱ्यांवर पिस्टनला वरच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 2950 पट बळाने फिरवावं लागतं. नव्या इंजिनात जवळजवळ तेवढंच बळ लागतं 7000 फेऱ्यांवर. एवढी धडपड करून हातात आल्या त्या 500 फेऱ्या, आणि रुंद बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा. त्याच्या बदल्यात ज्वलनकक्ष पसरट झाला, ज्योतीला लांबचा पल्ला आला. पिस्टनच्या कडेशी मिश्रण दाबून मध्यभागी लोटणाऱ्या कक्षाचं कुझमिकीचं काम म्हणूनच एवढं मोलाचं. त्या वर्षीची आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत रे ॲमने नॉर्टनवर जिंकली. त्या हंगामानंतर नॉर्टनने कारखान्याची खास रेसिंग यंत्रं उतरवणं बंद केलं.

रॉयल एनफिल्डची बुलेट याच काळातली आणि याच घराण्यातली. 350चं माप 70 बाय 90 होतं, 500चं 84 बाय 90. बुलेटची ओढ लांब स्ट्रोकमुळे आहे, असं कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. स्ट्रोक वाढला की क्रँकचा दांडा लांब होतो हे खरं, पण क्षमता तीच ठेवली तर पिस्टन तेवढाच अरुंद होतो, दाब पेलणारं क्षेत्र घटतं आणि हिशेब बरोबरीत सुटतो. बुलेट ओढते ती जड फ्लायव्हीलमुळे, आणि कमी फेऱ्यांतही मिश्रण जोमाने आत खेचणाऱ्या अरुंद वाटांमुळे. आपल्या यामाहा आरएक्स 100चं माप 50 बाय 50 होतं. चाकणला बनलेल्या 373 सीसीच्या केटीएम ड्यूकचं 89 बाय 60. तिघींच्या फेऱ्यांची मर्यादा स्ट्रोकच्या आकड्यावरून पुष्कळशी ओळखता येते.

1966चं आइल ऑफ मॅन बघून घ्या, पण जूनमध्ये नको. यंदा खलाशांच्या संपामुळे टीटी ऑगस्टअखेरीस गेली आहे. 50 सीसीची शर्यत राल्फ ब्रायन्स जिंकतो. त्याच्या होंडाला दोन सिलिंडर आहेत, बोअर 35.5, स्ट्रोक जेमतेम 25, आणि फेऱ्या मिनिटाला 20,000च्या वर. 21,500ला हिशेब मांडला, तर पिस्टन गुरुत्वाकर्षणाच्या 8000 पटीहून जास्त बळाने फिरतो आहे. मँक्सच्या रॉडने हे कधीच सोसलं नसतं. याचा का सोसतो? कारण पिस्टनची मापं निम्मी केली की त्याचं वजन आठव्या हिश्शावर येतं, आणि रॉडचा छेद मात्र चौथ्याच हिश्शावर. लहान होण्यात वजनाला पडणारी खोट ताकदीच्या खोटीपेक्षा मोठी, आणि तो फरक फेऱ्यांच्या रूपाने पदरात पडतो.

आणि आता ऑगस्ट 1967, युटामधलं बॉनव्हिल, वेगाच्या विक्रमांचं मिठाचं मैदान. पांढरं मीठ, दूरवर डोंगर, समुद्रसपाटीपासून जवळपास 1300 मीटरची उंची. विरळ हवेने इंजिनाची थोडी ताकद खाल्ली आहे आणि तिचा विरोधही तेवढाच कमी झाला आहे. मन्रो 68 वर्षांचा आहे. इंजिन 950 सीसीचं, अंगावर त्याने खपून बनवलेलं कवच. हाच माणूस 1962मध्ये इथे येऊन 850 सीसीच्या इंजिनावर ताशी 178.95 मैलांचा विक्रम करून गेला होता.

मोजणीचा मैल संपतो तिथे तुम्ही उभे राहा. प्रेक्षकांना वाटतं, धोका मैलाच्या आत होता. इंजिनाच्या दृष्टीने तो इथून सुरू होतो. पूर्ण थ्रॉटल उघडा असतो, तोवर दोन फेऱ्यांतल्या एका फेरीत वरच्या टोकाला दाब असतो आणि तो पिस्टनला खाली ढकलायला मदत करतो. नागडी ओढ एका फेरीआड बसते. थ्रॉटल मिटला की तो आधार जातो. चाकं इंजिनाला तेवढ्याच वेगाने फिरवत राहतात, सिलिंडर रिकामेच, आणि रॉडला ओढ बसते जवळपास दर फेरीला, शिवाय वरून पोकळीची खेच. अशा वेळी हळूहळू थ्रॉटल मिटावा लागतो, ब्रेकही जपून, कारण खाली मीठ आहे.

दोन्ही दिशांच्या धावा धरून 1000 सीसीच्या वर्गात 183.59 मैलांचा विक्रम लिहिला गेला. त्याच वर्षी पात्रतेच्या एका धावेत, एकाच दिशेने, वेग 190.07 मैल होता, म्हणजे ताशी जवळजवळ 306 किलोमीटर. पुढे त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आलं, की सरासरी काढताना चूक झाली होती. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने 2014मध्ये गणित पुन्हा केलं आणि आकडा 184.087 झाला. 55 मैलांच्या गाडीने 184 गाठायचं, म्हणजे वेग तिप्पट-साडेतिप्पट आणि हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद, तोच आकार ठेवला तर, सदतीस पट. कवचाने त्यातलं बरंच ओझं उतरवलं. बाकीचं त्या ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून कापलेल्या दोन रॉडांनी दर मिनिटाला हजारो वेळा थांबून आणि फिरून वाहिलं.